पाचव्या दिवसाचा कांदा

“ओला? माझ्या टोळीनं उतरवलेल्या कांद्याला ओला म्हनलीस? उतर. आदी खाली उतर त्या लाँचातनं.”

उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर आमचे आबा टेम्पोच्या हौद्यात उभे राहून ओरडत होते, आणि टेम्पो अजून थांबलासुद्धा नव्हता. आबा म्हणजे माझे वडील. मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी टोळीचे मुकादम. त्यांचा आवाज असा, की त्यांनी गाळ्यावर हाक मारली तर पलीकडच्या मसाल्याच्या मार्केटात मिरची उडायची आणि शंभर माणसं एकदम शिंकायची.

मी लाँचमध्ये बसले होते. हिरवी साडी, हातात चुडा, मांडीवर पिशवी. शेजारी आमचे हे, लग्नाला पाचवा दिवस. लाँच भाऊच्या धक्क्याला जाणार होती, पण ओहोटी लागली होती आणि ती चिखलात म्हशीसारखी बसली होती. पाणी आल्याशिवाय ती हलणार नाही, असं लाँचच्या तांडेलानं आम्हाला तिकीट दिल्यानंतर सांगितलं. पळून जायचं तर भरती-ओहोटी बघावी लागते, हे मला घाटावरच्या बाईला कोण सांगणार?

आता सुरुवातीपासून सांगते. थोडं कमी करूनच सांगते, नाहीतर तुम्हाला खोटं वाटेल.

रबाळ्याच्या एका कंपनीत मी पॅकिंगला होते आणि हे स्टोअरला. मी एका दमात बारा खोकी बांधायचे, हे एका दमात बारा खोकी मोजायचे, त्यातून जमलं. हे कोकणातले, पण समुद्रापासून लांबच्या, डोंगराकडच्या गावचे. आबांचा विरोध का होता, त्यातली अर्धी कारणं तुम्हाला न सांगताच कळतील, ती मी बोलत नाही. उरलेलं कारण एकच: हा मनुष्य दोन्ही वेळा भात खातो. “भात खानाऱ्याच्या मनगटात काय असतंय?” असं आबा आईला विचारायचे, आणि आई गप्प बसायची, कारण तिला स्वतःला भात आवडायचा.

तर एका सोमवारी मी घरी ओव्हरटाइम सांगितला, चहाच्या डब्याखाली चिठ्ठी ठेवली आणि लग्न केलं. देवळाच्या मागच्या खोलीत. भटजींना पुढे एका सोसायटीत वास्तुशांत होती, त्यामुळे सप्तपदीतली शेवटची चार पावलं मी धावतच टाकली.

मला तशी कुणाची भीती नव्हती. एकाच गोष्टीची होती. आमच्याकडे लग्नानंतर पाचव्या दिवशी नवरी नवऱ्याला घेऊन माहेरी जाते. पाचपरतावण म्हणतात. मटण होतं, जावयाला पाटावर बसवतात, आणि तिथून पुढे त्या घराचं दार दोघांना कायमचं उघडं. ते बोलावणं आलं नाही, तर दार बंद. मग पुढे दिवाळी नाही, बाळंतपण नाही, आईचा हात डोक्यावर नाही. म्हणजे सोमवारपासून शुक्रवारपर्यंतची मुदत. ह्यांना मी यातलं काही सांगितलं नाही. हे आधीच इतके घाबरले होते की सावली पडली तरी तिला नमस्कार करायचे.

हनिमूनला सगळी दुनिया महाबळेश्वरला जाते. आम्हाला महाबळेश्वर बंद. घाट चढायच्या आधी माझे तीन चुलते, चढल्यावर दोन मामा, आणि वर स्ट्रॉबेरी विकणारा तो आत्याचा दीर. मग हनिमून नवी मुंबईतच करायचा ठरला. जुईनगरला ह्यांच्या मित्राचा नवा फ्लॅट होता. नवा म्हणजे इतका, की त्यात एक चटई, एक बादली आणि एक बल्ब. गॅसचं कनेक्शन आलं नव्हतं. म्हणजे तिन्ही वेळा बाहेर खायचं.

हे स्टोअरचे माणूस, त्यांनी त्याचीही वही केली. वार, वेळ, ठिकाण, आणि शेवटच्या रकान्यात ‘साताऱ्याचं कुणी आहे का’. तो रकाना भरायला हे आठ दिवस आधीपासून हॉटेलांत जाऊन चहा पीत होते. लग्नात ह्यांच्या तोंडाला चहाचा वास येत होता, तो त्यामुळे.

सोमवारी दुपारी वाशीला उडप्याच्या हॉटेलात, वरच्या मजल्यावर, एसीत. वहीप्रमाणे मसाला डोसा. मी म्हटलं, मला थाळी पाहिजे आणि कांदा पाहिजे. वेटरनं बशीत चकत्या आणल्या, कागदासारख्या, वर लिंबू.

“अख्खा आण,” मी म्हटलं.

“मॅडम, अख्खा?”

“अख्खा.”

सुरी लावलेला कांदा आमच्याकडे आजारी माणसाला देतात. त्यानं अख्खा आणला. मी तो टेबलावर ठेवला आणि बुक्की मारली. आमच्या घरात रोज दोन वेळा बुक्की बसते, कुणी मान वर करत नाही. पण तिथे एसीचा गारवा, काचेचं टेबल. समोरचं बाळ जागं झालं, एका साहेबांचा चमचा सांबारात बुडाला, आणि खाली गल्ल्यावरचा मालक भूकंप समजून रस्त्यावर आला. हे टेबलाखाली वाकून काहीतरी शोधायला लागले. काही पडलंच नव्हतं.

“अगं, हळू,” हे म्हणाले.

“हळू फुटतो का कांदा? आणि अगं म्हणता, तर मी अहो म्हणू का?”

“म्हण.”

“अहो, खा मग.”

तो आमच्या संसारातला पहिला संवाद.

मंगळवारी रबाळ्याच्या बाजूला ट्रकवाल्यांचा ढाबा. खाटेवर बसून दाल आणि तंदूरची रोटी. तिथे कांदा न मागता अख्खा आला, म्हणून मी खूश होऊन दोन फोडले. दुसऱ्याला खाटेची एक फळी गेली. शेजारचे सरदारजी ड्रायव्हर उठून उभे राहिले आणि त्यांनी मला हात जोडले. हे खाटेच्या पडलेल्या बाजूला तसेच तिरके बसून जेवले, तक्रार नाही.

बुधवारी बेलापूरला चायनीजची गाडी. लाल नूडल्स, लाल भात, गाडीवाल्याचे हातही लाल. “भाऊ, यात चिरलेला कांदा आहे, तो तुझा. मला माझा दे,” असं मी म्हटलं. गाडीच्या फळीवर बुक्की बसली तशी शेजवानची बाटली उडी मारून स्टोव्हवर पडली आणि जो जाळ झाला, तो उरणच्या विमानांनी खुणेसाठी वापरला असेल. उरणला विमानतळ नाही, ते सोडा.

ह्यांनी बुधवारी वही मिटली. “सगळ्यांच्या लक्षात राहतोय आपण,” म्हणाले. “लांब जाऊ. मोऱ्याला. तिथं एक मावशी लाँचवाल्यांना घरी जेवण घालते. साताऱ्याचं कुणी नाही. मी विचारलंय.”

गुरुवारी बसनं उरण, तिथून मोरा. मावशी कोळीण, अंगानं दोन आबांएवढी. तिनं तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. खरं सांगते, ते कालवण खाल्ल्यावर मला वाटलं, आपण घरून पळालो त्याचं सार्थक झालं. नवरा मिळाला तो वरकड. हे मान खाली घालून पाच भाकऱ्या जेवले. तेव्हा मला कळलं, की ह्यांचा भात म्हणजे सवय होती, स्वभाव नव्हता.

तेवढ्यात दारात टेम्पो उभा राहिला. दुकानदारांना कांदा पोचवणारा. मावशीसाठी त्यानं एक पिशवी उतरवली. मी त्यातला एक घेतला, उंबऱ्यावर ठेवला, फोडला, वास घेतला आणि टेम्पोवाल्याला म्हटलं, “कुठला माल?”

“वाशीचा.”

“ओला आहे. वाळवायच्या आधी पोत्यात भरलाय. मुकादमाला सांगा, मोऱ्याची एक बाई म्हणत होती.”

तो हसत गेला. हे बघत राहिले. “ओला कुठे आहे? चांगला तर आहे,” हळूच म्हणाले. मी आणखी एक भाकरी मागितली.

आणि इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. वाशीपासून उरणपर्यंत जी जी चूल पेटते, तिचा कांदा आबांच्या मार्केटातून येतो. उडप्याचा माणूस रोज सकाळी तिथे जातो. ढाब्याचाही जातो. चायनीजवालाही जातो. एसीत बसून बुक्कीनं कांदा फोडणारी हिरव्या साडीतली पोरगी, ही गोष्ट मंगळवारी सकाळी गाळ्यावर पोचली. बुधवारी ढाब्याची पोचली, गुरुवारी चायनीजची. टोळीतले लोक मला नंतर सांगत होते, की आबा ऐकून घ्यायचे, आणि मग एकट्यानं दोन माणसांचं पोतं उचलायचे. हे आजही म्हणतात, मी मुद्दाम फोडत होते. मी आजही काही बोलत नाही.

रात्री आम्ही मावशीकडेच राहिलो. शुक्रवारी सकाळी तीच बातमी घेऊन आली. “टेम्पोवाला सांगत व्हता, वाशीचा मुकादम लय तापलाय. हिकरं येनार हाय.”

हे तीन मिनिटांत पिशवी भरून तयार. लाँचनं भाऊचा धक्का, तिथून दादरला ह्यांची बहीण. मी म्हटलं, थांबू या. हे म्हणाले, कशाला? तेव्हा मी पहिल्यांदा पाचव्या दिवसाचं सांगितलं. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, “पण ते बोलावायला येतायत की मारायला, ते कसं कळणार?” म्हणून मी लाँचमध्ये बसले. आणि लाँच चिखलात बसली.

तर आबा ओरडत होते.

लेक पळाली, हे चारचौघांत ओरडायची त्यांना लाज. म्हणून पाच दिवसांचा सगळा राग त्यांनी कांद्यावर काढला. “पंधरा दीस उन्हात वाळवलेला माल. गरवा, टिकाऊ कांदा. पोत्यात हात घातला तर खुळखुळा वाजतोय. आन म्हनं ओला.” कोळणींनी पाट्या खाली ठेवल्या. तांडेल चहाचा ग्लास घेऊन बाहेर आला.

मी उतरले. माझ्या मागून हेही उतरले, आणि मला कधी वाटलं नव्हतं, पण माझ्या पुढे येऊन उभे राहिले. एक चप्पल लाँचमध्येच राहिली, पण पुढे.

“ह्यो कोन?” आबांनी मला विचारलं.

“हे.”

“बोलता येतंय का?”

“नमस्कार, आबा,” हे म्हणाले.

“आबा तिचा. तुझा न्हाई अजून.”

आबांनी खाली उडी मारली, मागे हात घालून पोत्यातला एक कांदा काढला, धक्क्याच्या कट्ट्यावर ठेवला. “फोड.”

आम्हाला पोचवायला आलेली मावशी मध्ये पडली. “दादा, आदी जेवा, मंग भांडा. कांदा काय पलून जात नाय.”

“पळून जानारी पळाली, मावशी. कांद्याचं बघू द्या.”

ह्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाही दुमडली, आणि बुक्की मारली. कांदा सटकला, तो थेट तांडेलाच्या चहात. कोळणींचं हसणं भाऊच्या धक्क्यावर ऐकू गेलं असणार. आबा हसले नाहीत. त्यांनी दुसरा कांदा ठेवला.

मी देवाला हात जोडले. आयुष्यात मी इतक्या मनापासून कशासाठीच जोडले नव्हते, आणि तेही एका कांद्यासाठी. ह्यांनी डोळे मिटले आणि बुक्की मारली. कांदा फुटला. पूर्ण नाही, पण चिरफळ्या झाल्या, आणि ह्यांच्या बोटांमधून रस गळायला लागला. डोळ्यांतून पाणी.

“रडतोस कशाला?” आबा म्हणाले.

ह्यांनी एक पाकळी तोंडात टाकली. सावकाश चावली. स्टोअरमध्ये माल तपासतात तसं तोंड करून म्हणाले, “ओला नाही. चांगला कोरडा आहे. झणझणीत.”

“मग ही ओला का म्हनली?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी खूप काही सांगितलं. पण हे पाच दिवसांत पहिल्यांदाच एका पुरुषाला पुरुषासारखं भेटत होते. म्हणाले, “तिचं तुम्हाला माहीतच आहे.”

आबांच्या मिशीचं एक टोक हललं. एकच. मग ते वळले आणि टेम्पोकडे चालू लागले. पाठमोरे आबा, डोक्यावरचा फडका, मानेवर पोत्यांनी पडलेला तो घट्टा. आणि मला वाटलं, गेलं. कांदा फुटला पण दार काही उघडलं नाही. मी मोठ्यानं म्हटलं, “आबा, आज पाचवा दिवस हाय.”

ते थांबले नाहीत. चालता चालताच बोलले.

“ठावं हाय. तुझी आई पाटंपासनं मटनाला बसलीया. चला, उशीर होतोय.”

ह्यांचा चेहरा असा उजळला, की तांडेलाला वाटलं भरती आली. आबांनी टेम्पोचं पुढचं दार उघडलं, ड्रायव्हरशेजारची सीट फडक्यानं झटकली, आणि आमच्या ह्यांना खुणेनं आत बसायला सांगितलं.

“हितं एकच जागा हाय. ती जावयाची.”

“आणि मी?” मी विचारलं.

“तू मागं बस माझ्यासंगं,” आबा म्हणाले. “पोत्यावर.”