एका हाताची सूत्रं

मागच्या पावसाळ्यात माझ्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात कामातून गेला. घरी सोडताना डॉक्टरांनी चार गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगितलं. मी त्या तिथेच औषधांच्या चिठ्ठीमागे लिहून घेतल्या. तोंड एका बाजूला ओढलं जातंय का. वर केलेला हात खाली पडतोय का. बोलणं अडखळतंय का. आणि रोज सहज जमणारी गोष्ट अचानक जमेनाशी झाली का. पहिलं वर्ष सांभाळा, ते म्हणाले, दुसरा झटका पहिल्यासारखा सोडत नाही.

पहिल्या तीन गोष्टी मी सकाळी ऑफिसला निघण्याआधी तपासत असे. मी सरकारी कार्यालयात भांडार विभाग सांभाळते. नोंद केल्याशिवाय वस्तू आहे असं मानायची मला सवयच नाही. चौथ्या गोष्टीसाठी मात्र रोज मोजता येईल असं काहीतरी हवं होतं, आणि त्यासाठी मी क्यूब निवडला.

क्यूब त्यांचाच. ते तोरणमाळच्या वाटेवरच्या एका आश्रमशाळेत वीस वर्षं गणित शिकवत होते. घरी वेगळी बोली बोलणाऱ्या त्या मुलांना मराठी शाळेतच भेटलेली. गणिताचं पुस्तक काढलं की मुलं खाली बघायची, आणि क्यूब काढला की सगळी टेबलाभोवती यायची. त्यामुळे रंगांचा तो ठोकळा कसा जुळवायचा हे त्यांनी किती जणांना शिकवलं असेल, त्याची त्यांच्याकडेही नोंद नाही. जुळवण्याच्या चालींच्या ठरलेल्या मालिकांना ते सूत्रं म्हणत. ती सगळी दोन हातांची होती.

डिसेंबरात एका दुपारी त्यांनी डाव्या हाताने क्यूब उचलला आणि पाचव्या चालीला तो त्यांच्या हातून पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो उचललाच नाही. दुसऱ्या दिवशी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर शोधाशोध केली, तर अशी सूत्रं शोधून देणारा एक प्रोग्राम सापडला. त्याला चार गोष्टी सांगायच्या असतात. कुठला तुकडा कुठून कुठे जायला हवा, कुठल्या तुकड्यांचं काहीही झालं तरी चालेल, कुठले थर फिरवायची परवानगी आहे, आणि जास्तीत जास्त किती चाली. मग तो सगळ्या शक्यता चाळतो आणि जी सापडतील ती सूत्रं लांबीप्रमाणे लावून देतो. मागणीपत्र भरावं तसंच ते काम. मला जमलं.

त्यांना दोन थर नीट फिरवता येत होते. वरचा तर्जनीने ढकलून आणि उजवीकडचा, क्यूब मांडीला टेकवून. म्हणून मी त्या दोनच थरांना परवानगी दिली आणि वरच्या थरातले तीन कोपरे आपसात बदलायचं सूत्र मागितलं. प्रोग्राम बराच वेळ चालला आणि शून्य म्हणाला. चालींची मर्यादा वाढवली तरी शून्यच. मी लॅपटॉप बंद करून चालू केला. ते शेजारी खुर्चीत बसून बघत होते. झटक्यानंतर त्यांचं बोलणं दोन-दोन शब्दांवर आलं होतं. ते म्हणाले, "नसंल बी. नसनं म्हंजे बी उत्तरच शे."

नसणं हेही उत्तरच: आजारानंतरचं त्यांचं ते पहिलं गणिताचं वाक्य. मी ते माझ्या नोंदींच्या वहीत लिहून ठेवलं. मग समोरच्या थरालाही परवानगी दिली, आणि पडदा भरून सूत्रं आली.

त्यातलं चांगलं कुठलं हे प्रोग्रामला कळत नाही. त्याच्या लेखी अकरा चाली म्हणजे अकरा चाली, हातातून काय निसटतं याच्याशी त्याला घेणं नाही. म्हणून मी माझा उजवा हात पदराने कमरेला बांधायची आणि एकेक सूत्र डाव्या हाताने करून बघायची. पुढे वहीत शेरा लिहायचा: सातव्या चालीला निसटतो. मनगट दुखतं. बरं आहे. त्यांना याचं हसू यायचं. अर्धं हसू, तेव्हा डाव्याच बाजूचं. थंडी संपेपर्यंत त्यांनी माझी निवडलेली पाच सूत्रं पाठ केली. शेवटच्या टप्प्याचं एकच सूत्र जुनं राहिलं, कारण ते त्यांना जमणाऱ्या दोन थरांमध्येच बसत होतं.

मग पद्धत ठरली. सकाळी मी क्यूब विस्कटून टेबलावर ठेवायची. दुपारी चार वाजता ते जुळवायला बसायचे. ऑफिस सुटून मी घरी येईपर्यंत ते लागलेली मिनिटं पाटीवर लिहून ठेवायचे, सुट्टीच्या दिवशी मी समोर बसायची. वहीत रक्तदाब, गोळ्या आणि क्यूब असे तीन रकाने होते. फेब्रुवारीत नऊ मिनिटं, मार्चमध्ये सात. रोज घरात शिरल्यावर मी आधी पाटी बघायची. आकडा दिसला की मी चहा टाकायची.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी नणंदबाई आल्या. त्या कोरीट गावी दिलेल्या. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. सासू-सासरे गेल्यापासून त्यांचं माहेर म्हणजे आमचं घर. माहेरी विसावा घ्यायचा असतो, पण त्यांचा हात रिकामा राहत नाही. आल्या दिवसापासून त्यांनी घर धुवायला काढलं. फळीवरची भांडी, पंख्याची पाती, देवघर. मी ऑफिसात होते आणि मला बरंच वाटत होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी पाटीवर आकडा नव्हता.

मी विचारलं तेव्हा त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. क्यूब टेबलावर विस्कटलेला पडला होता. खूप विचारल्यावर म्हणाले, शेवटच्या टप्प्यात गडबड झाली, तीनदा. हा शेवटचा टप्पा विचित्र आहे. त्यात चार चालींचं तेच सूत्र प्रत्येक कोपऱ्यासाठी दोनदा किंवा चारदा करायचं असतं. मधल्या काळात सगळा जुळलेला क्यूब विस्कटल्यासारखा दिसतो, आणि शेवटचा कोपरा बसला की एकदम सगळं जागेवर येतं. कुठेही मोजणी चुकली तर मात्र तो विस्कटलेलाच राहतो. विस्कटलेला राहिला म्हणजे तू मोजायला चुकलास, हे त्यांनी वीस वर्षं मुलांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. चार वाजता समोर बसले. दोन थर झाले, अगदी नीट. माझी पाचही सूत्रं न अडखळता झाली. शेवटचा टप्पा आला. ते ओठ हलवून मोजत होते, मीही मनात मोजत होते. शेवटचा कोपरा झाला आणि क्यूब विस्कटलेलाच राहिला. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळीही तसंच झालं आणि त्यांनी क्यूब टेबलावर ठेवून दिला.

"माले गिनती ध्यानमा ऱ्हात नही," ते म्हणाले.

मी त्यांना हात वर करायला लावला, जीभ बाहेर काढायला लावली, आजचा वार विचारला. सगळं ठीक होतं. त्याने माझी भीती कमी झाली नाही, उलट वाढली. चारपैकी तीन ठीक आणि चौथी बिघडलेली. माझी मोजणीही त्यांच्यासारखीच झाली होती, पण माझ्या मोजणीवर माझा भरवसा कधीच नव्हता. मी आत जाऊन डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, शंका असेल तर थांबू नका, सुरतला जाऊन स्कॅन करून घ्या. मी पुढच्या सकाळची गाडी ठरवली आणि बॅग भरायला घेतली. जुने रिपोर्ट, गोळ्या, आधारकार्ड, दोन सदरे, टॉवेल. यादीत टॉवेल दोनदा लिहिला गेला.

बॅग भरून झाली आणि करण्यासारखं काही उरलं नाही. गच्चीवर नणंदबाई बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होत्या. ते पलंगावर डोळे मिटून पडले होते, झोपलेले नव्हते. मी क्यूब घेऊन लॅपटॉपसमोर बसले. ते नेमके कुठे चुकतात हे कळलं तर डॉक्टरांना सांगता येईल, एवढाच विचार होता. क्यूबच्या सहाही बाजूंचे रंग प्रोग्राममध्ये भरले आणि इथून जुळलेल्या क्यूबपर्यंतचा रस्ता मागितला.

त्याने शोधायला सुरुवातच केली नाही. लाल अक्षरांत सांगितलं की असा क्यूब असू शकत नाही, एका कोपऱ्याचा पीळ जुळत नाही.

मला वाटलं, रंग भरण्यात माझीच चूक झाली. पुन्हा भरले. तेच. तिसऱ्यांदा प्रत्येक बाजू कागदावर उतरवून, खुणा करत भरली. तेच. सगळे तुकडे जागेवर नेले तरी एक कोपरा स्वतःभोवती एक तृतीयांश फिरलेला राहणार होता, आणि कुठल्याही चालींनी तो सुटणार नव्हता. त्यांनी किंवा आणखी कोणी, कितीही नीट मोजून केलं असतं तरी.

नुसत्या चाली करून क्यूब असा होत नाही. त्याचे तुकडे कोणीतरी बाहेर काढलेले असावे लागतात. मी क्यूब घेऊन गच्चीवर गेले.

"तो ना, मी धुयी टाका," नणंदबाई बिबडी पसरता पसरता म्हणाल्या. "कितली घान व्हती त्यामा. चमचा घालीसन सगया तुकडा काढात, साबनना पानीमा टाकात, उनमा वाळाडात. शिलाई मशीननं तेल बी टाकं. आते कसा लोनीनागत फिरस, नही का वहिनी?"

मी विचारलं, धुऊन वाळवल्यावर परत बसवताना कुठला तुकडा कुठे हे बघितलं होतं का. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, आधीच सगळा विस्कटलेला होता, त्यात काय बघायचं, जिथे बसला तिथे दाबला. त्यांचं म्हणणं खरंच होतं. विस्कटून ठेवला होता मीच. जुळलेला असता तर त्यांनी रंग बघून बसवला असता. दुसरी एखादी चूक झाली असती तर ती आधीच्या टप्प्यातच उघड दिसली असती आणि यांनी ओळखली असती. झालेली चूक नेमकी अशी होती की जी मोजणी विसरल्यासारखी दिसते.

माझा चेहरा बघून त्यांनी पिठाचे हात पुसले आणि हळूच विचारलं, भाऊ त्यामुळे का? मग त्यांनी सांगितलं की आदल्या दिवशी दुपारी भाऊ त्यांच्याजवळ रडले होते. डोकं कामातून चाललंय म्हणाले होते, आणि हे वहिनीला सांगू नको, ती वहीत लिहील.

ते ऐकून मी जिना उतरायला लागले. मला वाटत होतं, चार वाजताची भीती माझी एकटीची आहे.

खाली येऊन मी त्यांना उठवून लॅपटॉपसमोर बसवलं आणि लाल ओळ दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग क्यूब माझ्या हातात देऊन कोपरा दाखवला, कारण तो फिरवायला दोन हात लागतात. मी एक हिसका दिला, कोपरा कट्‌ करून फिरला. ते जुळवायला बसले. मी घड्याळ लावलं नाही. शेवटचा कोपरा बसला आणि सगळे रंग एकदम जागेवर आले. दारात उभ्या असलेल्या नणंदबाईंनी तोंडाला पदर लावला. ते बहिणीला म्हणाले की पुढच्या वेळी भावाला धू, क्यूबला हात लावू नको.

मी गाडी रद्द करायला फोन उचलला. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. जाऊत," ते म्हणाले. "क्यूब चुकेल व्हता, ते समजनं. पन दोन दिन माले जे वाटनं, ते क्यूबनंच व्हतं का, ते तुन्हा प्रोग्रामले कसं समजी?"

मी फोन खाली ठेवला. मीही दोन दिवस त्यांच्याकडे बघत होते आणि मला त्यांचं बोलणं खरोखर जड वाटलं होतं, पाऊल खरोखर घासताना दिसलं होतं. त्यातलं किती घडलं आणि किती मी बघितलं, हे मला आजही सांगता येत नाही.

सकाळी आम्ही निघालो. मी पुढे बसले, मागे ते आणि नणंदबाई. नवापूर मागे पडल्यावर त्यांना झोप लागली. मी मान वळवून बघितलं. तोंड सरळ होतं. जरा वेळाने पुन्हा बघितलं. सोनगड गेलं, व्यारा गेलं. ड्रायव्हर म्हणाला, बाई, मान आखडेल तुमची. मी हो म्हटलं आणि पुन्हा मागे वळले.