बावीस वर्षांच्या निवृत्त फौजीबरोबर दोन दिवस

धनराजभाऊंचा फोन आला तेव्हा मी ताडोबाच्या सफारीचं बुकिंग मिळतंय का ते बघत बसले होते.

"ताई, वाघ राहू द्या. पोरगा येऊन राह्यला फौजेतून. गावात मिरवणूक आहे. तुमी या, अन गाडी घेऊन या."

वाघ राहिला. धनराजभाऊ सतरा वर्षं फौजेत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मग काही वर्षं आमच्या नागपूरच्या ऑफिसच्या दारावर सुरक्षारक्षक होते. आता चंद्रपूर जिल्ह्यात, सावली तालुक्यातल्या आपल्या गावी धान पिकवतात. त्या भागात जवान निवृत्त होऊन आला की त्याला उघड्या जीपमध्ये उभं करून गावभर मिरवतात. पुढे धुमाल पार्टीचे ढोल, मागे सगळं गाव. भाऊंचीही अशीच मिरवणूक निघाली होती. त्यांचा मुलगा सुमेध मात्र अग्निवीर, म्हणजे चार वर्षांच्या भरतीतला. मुदत संपल्यावर चौघांमागे एकाला पुढे कायम ठेवलं, बाकीचे घरी. सुमेध बाकीच्यांत होता.

"मग मिरवणूक कशाची?" हे माझ्या जिभेवर आलं होतं. विचारायचं सोडून गाडीची हवा तपासून घेतली.

नागपूर-चंद्रपूर रस्ता चांगला आहे. सकाळी लवकर निघालात तर बुटीबोरीची गर्दी टळते. वरोऱ्याला थांबून तर्री-पोहे खा, पण तर्री वेगळ्या वाटीत मागा आणि तिखटाचा अंदाज घेऊनच ओता. मी अंदाज न घेता ओतली आणि भद्रावतीपर्यंत पाणी पीत गेले. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आसपास हजार-दीड हजारात बरी खोली मिळते. सुमेधला स्टेशनवरून आणायचं म्हणून भाऊ एसटीनं आधीच आले होते. आम्ही चहा पीत असताना मूल गावातल्या फ्लेक्सवाल्याचा फोन आला. भाऊंनी स्पीकर लावला.

"भाऊ, 'सेवानिवृत्त' लिहू का? बावीस वर्षाचा पोरगा, लोक मले येडा म्हनतीन."

"मंग 'सेवापूर्ती' लिह."

"अन फोटो? मिशीचा का बिनमिशीचा?"

"त्याले मिशी आली कवा?" भाऊंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चार वर्षं देली का नाई त्यानं? देली. झालं तं मंग."

दुसऱ्या दिवशी बल्लारशाहला दिल्लीकडची गाडी उशिरा आली. तोवर फलाटावरचे गरम समोसे खाऊन झाले. भाऊ कोट घालून, पदकं लावून ताठ उभे. गर्दीतून पाठीवर काळी सॅक आणि हातात एकच बॅग घेतलेला, बारीक कापलेल्या केसांचा मुलगा उतरला. वाकून पाया पडला आणि उठताना बापाची पदकं बघून थबकला.

"बाबा, कोनाले सांगतलं तुमी?"

"सगळ्याईले."

"मी रिटायर नाई झालो, बाबा. ठेवलं नाई मले."

"मले मालूम हाय. चल."

चंद्रपूर ते मूल हा रस्ता जंगलातून जातो. मध्ये उतरून फोटो काढायचा मोह होतो, तो आवरा. चिचपल्लीला चहाला थांबा. काच खाली केली की साग आणि वाळलेल्या गवताचा वास आत येतो. हिवाळ्यात वाटेतल्या प्रत्येक गावात झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक दिसतात. समोरून सूरजागडचं लोहखनिज वाहणारे ट्रक येत राहतात, त्यांना वाट द्या आणि निवांत चालवा.

गाडीत मी सुमेधला त्याचं काम विचारलं. तो पहाडावरच्या चौकीत ड्रोन उडवायचा.

"मी बॅटरीसकट रेडिओ पाठीवर घेऊन तेच पहाड चढलो," भाऊ म्हणाले. "हा खुर्चीत बसून पाहे."

"खुर्ची नव्हती, बाबा. दगड होता. अन बोटं गारठली का ड्रोन खाली."

दोघे हसले. मग भाऊ त्यांच्या प्लाटूनबद्दल बोलू लागले. पंधरा-पंधरा वर्षं तीच माणसं, एकाच्या पोरीच्या लग्नाला बाकीचे रजा टाकून हजर. सुमेध बाहेर बघत ऐकत होता.

"आमचं तसं नाई राह्यलं," तो म्हणाला. "बाजूच्या खाटेवरचा जिगरी दोस्त. पन रनिंगमधी तो पुढं निघाला का मले घड्याळच दिसे. चौघांतून कोन राहीन, हेच डोक्यात. त्याले ठेवलं. मले आनंद झाला का नाई, मलेच समजलं नाई."

भाऊंनी पाण्याची बाटली उघडून मागे त्याच्याकडे दिली. 

मूल मागे पडल्यावर सुमेधनं खरी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. "आज हार घालतीन, अन उद्या मी छातीवर नंबर लावून पोराईच्या लाइनीत. मंग हासतीन. ताई, मले फाट्यावर उतरवा. मी बांधानं घरी जातो."

भाऊ मागे न बघता म्हणाले, "तुले वाटते तसं कर." मग कोटाची वरची गुंडी काढली.

फाट्यावर धुमाल पार्टी तयार होती. झेंडूनं सजवलेली जीप होती आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर, गळ्यात आधीच एक हार घालून, सुमेधचे आजोबा बसले होते. सगळे त्यांना आबाजी म्हणतात. ऐंशीच्या पुढचे, अंगात जुना कोट.

"आबाजी, हार तुमी काऊन घातला?" सुमेधनं विचारलं.

"तुयी गाडी लेट. हार सुकून राह्यला होता." मग त्यांनी नातवाचं मनगट धरलं. "मले सात वर्षानं धाडलं घरी. तवा तसंच होतं. सात वर्षं नोकरी, मंग घरी जा, काम पडलं तं बलावू. मी मूलवरून पायी आलो. लोक म्हने, काऊन आला रे, फौजेतून पयून आला का? तुया बापाची मिरवणूक निंगाली, मी मांगून चाललो. आज मले बसाचं हाय. तू नाई बसला तं हे मले एकट्याले फिरवतीन का?"

मलाही तोवर वाटत होतं की फौजेतली नोकरी म्हणजे निवृत्तीपर्यंतचीच आणि सुमेधची पिढी हा नवा अपवाद. खरं तर या घरात मधली, बापाची नोकरीच तेवढी लांब होती.

सुमेध जीपमध्ये चढला. ढोल सुरू झाले. भाऊ पदकं खुळखुळवत पुढे नाचत होते. आबाजी बसल्या बसल्या दोन्ही बाजूंना सलाम ठोकत होते, गावाला आणि गोठ्यांनाही.

बुद्धविहारासमोर जीप थांबली. सरपंचांनी भाषण लांबवलं. मग माइक सुमेधकडे आला. त्यानं एकदा बापाकडे पाहिलं.

"मी रिटायर नाई झालो. मले ठेवलं नाई. उद्या सकाळी गडचिरोलीले पोलीस भरतीत पयाले चाललो. हासाचं असन तं आजच हासून घ्या."

 मग बायकांतून एक आवाज आला, "हासू ना बाबू, पन पयले जेव. उपाशी कसा पयशीन?"

सगळं गाव हसलं. सुमेधही. जेवायला भात, वरण, वांग्याची भाजी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे होते. मी किती वडे खाल्ले ते विचारू नका.

पहाटे धुक्यात वैनगंगेचा पूल ओलांडून त्याला गडचिरोलीच्या मैदानावर सोडलं. फाटकाबाहेर शेकड्यांनी मुलंमुली, कुणाच्या पायात बूट, कुणाच्या नुसते मोजे. सुमेध मागे न बघता रांगेत मिसळला. मी ब्रह्मपुरी-नागभीड-उमरेड मार्गे परतले. हा रस्ता शांत आहे, पण पेट्रोल गडचिरोलीतच भरून घ्या.

घरी आल्यावर मित्रांनी विचारलं, वाघ दिसला का? नाही दिसला. शिपाईगिरी मला एका माणसाचं सबंध आयुष्य वाटायची. आता ती एका घरातल्या तिघांच्या तीन मापांत दिसते आणि कुठलंही माप कमी वाटत नाही.

भरतीचा निकाल अजून लागायचा आहे. काल भाऊंना फोन केला तर सुमेधनंच उचलला. धाप लागलेली, नुकताच पळून आला होता. गावातली पोरंही हल्ली त्याच्याबरोबर पळतात.

"हासतात का रे लोक?" मी विचारलं.

तो उत्तर देणार तेवढ्यात लांबून कुणीतरी ओरडलं, "ए रिटायर! चाल बे, अजून एक चक्कर!"

"आलो रे!" सुमेध ओरडला आणि मला म्हणाला, "ताई, ठेवतो. बोलावून राह्यले."