मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

आमचे आजोबा गाडी शिकवतात. शिकवायचे. एकतीस वर्षं. दातांच्या डॉक्टरपासून भाजीवालीपर्यंत सगळे त्यांना 'मास्तर' म्हणतात आणि गाडीत बसल्या बसल्या अजूनही ताठ होतात.

त्यांची एक ठरलेली चाल होती. "बेल्ट. आरसा. क्लच. पहिला. इंडिकेटर. मान वळवा, मान! लग्नाच्या फोटोला बसलाय का?" मग हँडब्रेक खाली आणि गाडी निघाली. शिकणाऱ्याने घोळ घातलाच, तर शेजारी मास्तरांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक. तो दाबून शांतपणे म्हणायचे, "आज तुमच्या हातात गाडी देत नाही." ती व्यक्ती वकील असली तरी निमूट खाली उतरायची.

रविवारी मी मागच्या सीटवर बसून हे सगळं कानात भरून घ्यायचे आणि जेवताना करून दाखवायचे. "मिठू, मास्तर कर!" अशी फर्माईश बाबांची, आणि सगळ्यात मोठ्याने हसणार आजोबाच. "नाकातून कमी बोल गं. मला एवढी सर्दी नसते."

मधुमेह बावीस वर्षांचा. आजोबा त्याला भाडेकरू म्हणायचे. "घर सोडत नाही, वर भिंतीला खिळे ठोकतो." सहा वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, दोन स्टेंट बसवल्या. त्यानंतर तीन महिने रोज चालले. मग, "गाडीवाल्याने पायी फिरायचं म्हणजे धंद्याची बदनामी!" रक्तदाबाची गोळीसुद्धा बरं वाटलं की बंद. आजी ओरडली की म्हणायचे, "इंजिन सुरळीत चाललंय, उगाच बॉनेट कशाला उघडायचं?"

एका रविवारी मी नवा मास्तर केला. "बेल्ट. आरसा. क्लच. पहिला. इंडिकेटर..." इथे थांबले. बोटांनी मांडीवर ताल धरला. "आणि... ते आपलं... ते करा."

बाबांना हसता हसता ठसका लागला. आजीचा हात मात्र ताटातच राहिला.

"हे तुझ्या मनचं, की त्यांचं?"

"त्यांचंच. मी पदरचं काही घालत नाही."

"कधीपासून?"

मी आठवून बघितलं. "बेकरीवाल्या काकू शिकायला यायला लागल्या तेव्हापासून. पाच महिने झाले असतील."

पाच महिने मी ती थांबायची जागा ऐकत होते, घोटून घोटून बसवत होते. ती काय आहे हे एकदाही मनात आलं नाही. आजोबा ताटात बघत होते. त्या दिवशी नाकाचा विषय निघाला नाही.

त्याच आठवड्यात आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांना पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. दोन आठवले. घड्याळ काढायला सांगितलं, तर आकडे सगळे एका कडेला गोळा झाले. "सेल संपलाय, डॉक्टर," आजोबा म्हणाले. कोणी हसलं नाही.

"हृदयाला रक्त पोचवणाऱ्या नळ्या असतात, तशाच मेंदूलाही असतात," डॉक्टर म्हणाले. "साखर आणि रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेले राहिले की दोन्हीकडच्या खराब होतात. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. पुढचं जाणं हळू करता येईल. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि रोज चालायचं."

"आणि गाडी?" बाबांनी विचारलं.

"थांबवा."

आजोबा उसळले. "ब्रेक माझ्या पायाखाली आहे! एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही!"

चार दिवस किल्ली त्यांच्या खिशातच होती. शनिवारी सकाळी काकूंची शिकवणी. आजी विनवून थकली, बाबा भांडून थकले.

शुक्रवारी दुपारी आजोबांनी मला फाटकाजवळ उभ्या असलेल्या गाडीत बोलावलं. मला स्टिअरिंगसमोर बसवलं आणि आपण शेजारी, ब्रेकवर पाय ठेवून.

"मास्तर कर. आत्ताचा. जुना नको, तो मला येतो."

जुना माझ्या जिभेवर तयार होता, अखंड. तो केला असता तर ते खूश झाले असते आणि सकाळी काकूंशेजारी जाऊन बसले असते.

मी आत्ताचा केला. "इंडिकेटर..." आणि त्यांच्याइतकीच थांबले. ते बोटांवर मोजत होते.

"चार," ते म्हणाले. "चार सेकंदांत गाडी कुठे जाते, माहितेय?" समोर शाळा सुटत होती. त्यांनी तिकडे बघितलं.

मग आरसा स्वतःकडे वळवला आणि त्यात बघून, नेहमीच्याच शांत आवाजात म्हणाले, "आज तुमच्या हातात गाडी देत नाही."

किल्ली माझ्या ओंजळीत टाकली. "बेकरीवालीला फोन लाव. म्हणावं, दुसरा मास्तर बघा. क्लच जरा जोरात सोडते, तेवढं त्याला सांगायला सांग."

आता गोळ्या आजीसमोर घेतात आणि रोज सकाळी माझ्याबरोबर चालतात. रस्ता ओलांडायची वेळ आली की फुटपाथच्या कडेला थबकतात. बोटं मांडीवर वाजायला लागतात. मी मनात तीनपर्यंत मोजते. कधीकधी त्यांना आपोआप आठवतं. नाहीच आठवलं, तर मी त्यांच्याच आवाजात म्हणते, "मान वळवा, मान! लग्नाच्या फोटोला बसलाय का?"

ते मान वळवतात. इकडे बघतात, तिकडे बघतात. माझा हात धरतात.

"नाकातून कमी," म्हणतात, आणि आम्ही रस्ता ओलांडतो.