सांगलीतली मेथाडोनची खिडकी

दोन घोट सिरप पाजायचं, एवढंच माझं काम. पण सांगलीतल्या आमच्या व्यसनमुक्ती सेंटरच्या खिडकीत रोज बसलं की घरी जाताना पर्समध्ये डब्यापेक्षा किस्सेच जास्त! मेथाडोन म्हणजे ब्राऊन शुगरची तलफ थांबवणारं औषध. रोज नर्ससमोर प्यायचं आणि गिळलंय हे कळावं म्हणून काहीतरी बोलून दाखवायचं. खरी गंमत या बोलण्यातच!

*

वडूजचे एक रिटायर्ड सुभेदार उपचारासाठी बहिणीकडे राहायला आलेले. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बोला, काका." त्यांनी टाच आपटली. नाव, रँक, रेजिमेंट, सगळा खणखणीत रिपोर्ट! दुसऱ्या दिवसापासून अख्खी लाईन सावधानमध्ये. मागचा रिक्षावाला तर नावाबरोबर गाडीचा नंबरही सांगायला लागला!

*

हळदीचे एक जैन व्यापारी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. कप तोंडाशी नेऊन थांबले.

"सिस्टर, यात मध न्हाई ना? आमाला चालत न्हाई."

मला हसू आलं. "अण्णा, ब्राऊन शुगर ओढताना विचारलं होतं का?"

"तवा शुद्ध कुठं होती? आता हाय, म्हणून विचारतोय!"

मी गुपचूप बाटलीवरचं लेबल वाचून दाखवलं.

*

एका पेशंटची आई डॉक्टरांवर भडकली. "आवं, एक नशा सोडवून दुसरी लावली! हे बंद कवा व्हनार?"

डॉक्टर शांत. "आजी, तुमची बीपीची गोळी कधी बंद होणार?"

"ती बंद केली तर मरंन की मी!"

बोलून गेल्या आणि स्वतःच थबकल्या. मग लेकाच्या पाठीत धपाटा. "उभा काय ऱ्हायलास रं? पी की!"

*

एकदा लायनीत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव! मुलीला सगळं सांगूनच लग्न ठरलेलं, पण डोस चुकवून कसं चालेल? प्यायल्यावर सवयीनं मी म्हटलं, "हं, नाव!"

गडी लाजला. "कृष्णेच्या काठाला सुटलाय वारा, सायलीचं नाव घेतो, डोस पितो सारा!"

*

आणि सुनंदाताई. त्यांचा नवरा वर्षभर आमच्याकडे येत होता. एके सकाळी त्या एकट्याच आल्या. खिडकीतून कंदी पेढ्यांचा बॉक्स आत सरकवला. डोळे भरलेले.

"काय हो, मुलगी पास झाली का?"

"न्हाई वं सिस्टर. सात वर्षं म्होरं काय वाढलंय तेच ह्यांना कळत नव्हतं. काल एक घास खाल्ला आन् ताट सारलं."

"मग?"

"लय भांडले! म्हनले, आमटीत मीठच न्हाई!"