उजवा कोपरा

"थांबा. कोणी हलू नका."

बाईंनी उजवा हात वर केला की आमचं सगळं ऑफिस गप्प व्हायचं. शिपाई चहाचा कप हातात धरून जागीच उभा राहायचा. खिडकीपाशी रांगेतल्या मुली एकमेकींकडे बघायच्या. त्यांना वाटायचं, आपला फोटो काढताहेत. पण फोटो माणसांचा नसायचा. तो असायचा लॅपटॉपच्या पडद्याचा. आम्ही हललो म्हणून पडद्यावरचा फॉर्म काही हलणार नाही, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून पाहिलं.

"ठाऊक आहे गो," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही बोलायला लागलात की माझं बोट चुकतं."

मग दोन बटणं एकदम दाबायच्या. पडदा क्षणभर काळवंडायचा, पुन्हा उजळायचा आणि बाई श्वास सोडायच्या. "आला. आता चालू द्या."

रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात बाई हेडक्लार्क होत्या. त्यांना नावाने हाक मारणारं तिथे कोणी उरलंच नव्हतं. प्राचार्यांपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या बाई. तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल, बँकेत नाहीतर पंचायतीत. साहेब येतात, बदलतात, जातात. कुठला कागद कुठल्या कपाटात आहे ते तिलाच माहीत असतं. मी तिथे कंत्राटावर लागले, डेटा एंट्रीसाठी. ऑफिसात परीक्षेच्या कामाचा लॅपटॉप एकच होता. तो त्यांच्या आणि माझ्या टेबलाच्या मधे ठेवलेला असे. जिला लागेल तिने आपल्याकडे वळवून घ्यायचा.

स्क्रीनशॉट काढायला त्यांना मीच शिकवलं. त्यामागे एक दुखणं होतं. फॉर्म नव्याने ऑनलाइन झाले त्या वर्षी संध्याकाळी भरलेले काही फॉर्म सकाळी दिसेनासे झाले होते. वरून उत्तर आलं, तुम्ही भरलेच नसतील. बाईंपाशी दाखवायला काही नव्हतं. "इतकी वर्षं माझ्या रजिस्टरातली एक ओळ कधी पुसली गेली नाही," त्या सांगायच्या, "आणि इथे अख्खं पान सफाचट! वर मलाच खोटं पाडतात." म्हणून मी आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: "ह्यावर आत्ता जे दिसतंय, ते दिसलं होतं हे उद्या कसं दाखवायचं?"

मी दाखवलं. त्यांनी दोन बटणांची नावं चिठ्ठीवर लिहून ती लॅपटॉपच्या कडेला चिकटवली, आणि त्या दिवसापासून एकही पान फोटोशिवाय सुटलं नाही.

कॉम्प्युटर त्या फोटोंना आपला क्रमांक द्यायचा. तो बाईंना मंजूर नव्हता. "नंबर कैद्यांना देतात." त्या प्रत्येकाला नाव द्यायच्या. 'फी भरली वीज जायच्या आधी.' 'साइट दुपारपासून बंद दोष आपला नाही.' 'प्राचार्य हो म्हणाले.' एकाचं नाव होतं 'हे काय आहे ते विचारणे'. ते शेवटपर्यंत कोणाला विचारलं गेलं नाही. एकदा मी सगळे फोटो दुसरीकडे उतरवून घेत होते, तर एक जाईना.

"बाई, नाव फार लांब आहे म्हणतोय."

"मग त्याला म्हणावं सावकाश वाच."

पुढे मी त्यांना पडद्याचा हवा तेवढाच तुकडा कापून घ्यायची युक्तीही दाखवली. वेळ, तारीख, कडेच्या पट्ट्या, सगळं कशाला हवं? बाईंनी ती एकदा करून पाहिली आणि मान हलवली. "नको. कापलेला पुरावा कसला? उद्या कोणी म्हणेल, बाकीचं कुठाय?" त्यांचे फोटो नेहमी अख्खे असायचे. खाली तारीख नि वेळ, वर उजव्या कोपऱ्यात ज्याच्या नावाने लॉगिन केलंय त्याचं नाव.

आता मला जे सांगायचंय ते ह्या कोपऱ्याबद्दल.

त्या वर्षी एप्रिलची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. हॉल तिकिटं आली, आणि शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचं आलंच नाही. ती लांज्याच्या पुढच्या एका गावातून रोज एसटीने यायची. वडील मुंबईला कामाला, घरात काकांचा शब्द. पोर्टलवर तिच्या नावापुढे लिहिलेलं होतं: अर्ज अपूर्ण.

"मी भरलेला, बाई," ती खिडकीशी उभी राहून म्हणत होती. "तुम्ही बघितलेला. वर्ष गेलं तर काका परत नाही पाठवायचे."

ती रडत नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी तो अर्ज उघडला आणि मला आठवलं. पंधरवड्यापूर्वी तिच्या एका विषयाचा नंबर चुकला होता, म्हणून सादर झालेला अर्ज मीच दुरुस्तीसाठी पुन्हा उघडला होता. नंबर सुधारला. मग 'सादर करा' दाबायचं, तेवढ्यात परीक्षा विभागातून कोणीतरी हाक मारली आणि मी उठले. परत आले तेव्हा पान बंद झालेलं होतं. काम झालं असं मी धरून चालले. चूक सगळी एवढीच.

मी काहीच बोलले नाही. खोटं कशाला सांगू, भीती वाटली. जूनमध्ये माझं कंत्राट संपत होतं. घरी आईच्या औषधांपासून सगळं माझ्याच पगारावर होतं.

प्राचार्यांनी आम्हां तिघींना केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण कॉलेजच्या नावाला फार जपायचा. "अर्ज अपूर्ण आहे म्हणजे विद्यार्थिनीने अपूर्ण ठेवला," ते म्हणाले. "विद्यापीठाला तसंच कळवावं लागेल. पुढच्या वर्षी बसेल."

"दहा मिनिटं द्या मला, सर," बाई म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

ती दहा मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढली. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिच्या ओळखीची होते ना.

बाई लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून आल्या आणि त्यांनी तो सरांच्या टेबलावर ठेवला. पहिला फोटो: अर्ज सादर झाला, तारीख, वेळ. "पोरीने वेळेत भरला, आपण वेळेत पाठवला." मग दुसरा: तोच अर्ज, दुरुस्तीसाठी उघडलेला. मी उठून गेले होते तेव्हा बाई लॅपटॉपपाशी आल्या असणार, आणि उघडं पान दिसल्यावर सवयीने त्यांनी फोटो घेतला असणार.

मी वर उजव्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे माझं नाव असायला हवं होतं.

कोपरा नव्हता. फोटो वरून आखूड होता. नावाची पट्टी तेवढी कापलेली होती.

"कोणी उघडला होता हा?" सरांनी विचारलं.

"ऑफिसने. चूक ऑफिसची आहे, आणि ऑफिस माझ्याकडे आहे. लिहा माझं नाव."

"बाई, मला मेमो द्यावा लागेल."

"द्या की. पण आधी विद्यापीठाला पत्र द्या. मी घेऊन जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या मुंबईला गेल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, घामाने डबडबलेल्या, स्टेशनवरून रिक्षाने थेट ऑफिसात आल्या. पिशवीतून शिक्क्याचं पत्र काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. "चार टेबलं फिरले. तिच्या गावी फोन लाव, नि तूच सांग तिला." एवढंच बोलल्या आणि मोरीत तोंड धुवायला गेल्या.

ती मुलगी परीक्षेला बसली.

पुढच्या रविवारी मी मांडवीला त्यांच्या घरी गेले. बाई मागच्या पडवीत ओले काजू सोलत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी तेलाची वाटी पुढे सरकवली. "हाताला लाव आधी. नाहीतर डिंकाने सालटी निघतील."

मी तेल लावलं, बसले, चारपाच काजू सोलले.

"बाई, तो अर्ज मी..."

"ठाऊक आहे."

"मग तुम्ही..."

"तुला कंत्राट. एका मेमोने घरी गेली असतीस. माझी दोन वर्षं राहिलीत, मला काय करणारेत ते?" त्यांनी सालं एका बाजूला लोटली. "आणि मी काही खोटं नाही बोलले. फोटो घेताना ते पान माझ्याही समोर होतं. बटण दाबलेलं नाही हे मला दिसायला हवं होतं. फोटो काढला, वाचला नाही."

मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण मला वाटलं होतं, तू बोलशील."

मी पुढचा काजू उचलला.

"मी नाव कापलं ते तुला कोणी दुसऱ्याने पकडू नये म्हणून. तू स्वतः सांगायला मोकळी होतीस. त्या केबिनमध्ये मी वाट बघितली तुझी." आवाज चढलेला नव्हता. कैरीचं लोणचं घालायचं राहिलंय, असं सांगावं तसं त्या सांगत होत्या. "असो. काजू ने जाताना, आईला आवडतील."

सोमवारी मी प्राचार्यांना लेखी दिलं. सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, आणि विचारलं, "हे बाईंना माहीत होतं?"

"हो."

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "कमाल आहे. माझ्या टेबलावर मलाच कापून दाखवलं." त्यांनी मेमो मागे घेतला नाही, पण माझं पत्र त्याच्या मागे जोडायला लावलं. माझं कंत्राट त्या वेळी वर्षाऐवजी सहाच महिन्यांचं झालं. पुढे ते वाढत गेलं. फाइल बाईंच्याच कपाटात जाणार होती, त्यामुळे माझं पत्र त्यांच्या हातात पडलंच. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं, लाल पेन काढलं आणि कागद माझ्यापुढे धरला.

"'चूक' दीर्घ असते गो. ऱ्हस्व लिहिलीस."

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. निवृत्त झाल्यावर बाई आंजर्ल्याला भावाकडे राहायला गेल्या. सुरुवातीला फोन यायचे, कुठल्या कपाटात काय ते सांगणारे. मग सणावारी. मग मीच करायची. गेल्या भाद्रपदात करायचा राहिला, आणि दिवाळीच्या आधी त्यांच्या भाचीचाच फोन आला, बाई गेल्याचा.

महिन्याभराने ती भाची काही कागदांसाठी ऑफिसात आली. काम झालं तरी उठेना. "एक विचारू? आत्याचा फोटो आहे का तुमच्याकडे कुठे? घरी आहेत ते लग्नाकार्यातले, जुने. अलीकडचा एकसुद्धा नाही."

आमच्याकडेही नव्हता. निरोपाच्या दिवशी त्यांनी फोटोला उभं राहायचंच नाकारलं होतं. मग मी तो जुना लॅपटॉप काढला. फोल्डर उघडला. हजारो पानं: अर्ज, पावत्या, याद्या. आम्ही दोघी खाली खाली जात राहिलो. आणि टाळेबंदीच्या दिवसांतल्या एका ऑनलाइन मीटिंगचं पान सापडलं. हजेरीचा पुरावा म्हणून बाईंनीच काढलेलं; तेव्हा हा लॅपटॉप त्यांच्या घरी होता. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटी, एकेकीत आमच्यातला एकेक जण. सरांचं नुसतं कपाळ. मी पेंगुळलेली. आणि खालच्या ओळीत बाई.

चष्मा कपाळावर, तोंड एका बाजूला वळवलेलं, डोळे मिटलेले, आणि दात दिसेपर्यंत, अगदी खांदे गदगदून, हसताहेत.

"मी तेव्हा मांडवीलाच अडकले होते आत्याकडे," भाची म्हणाली. "दारात उभी राहून तुमच्या सरांची नक्कल करत होते. तिला आवाज करता येईना. घरी हसायची ती अशी, सारखी."

सात वर्षं मी त्या बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसले होते.

"हा मिळेल मला?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं, पण फोटोवरची नजर काढून लगेच उठता आलं नाही.