पिस्ता आइस्क्रीम, मुक्काम येवला

लोक मे महिन्यात बर्फ बघायला काश्मीरला जातात. आम्ही नाशिकहून बर्फ घेऊन येवल्याला निघालो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे आणि माझ्या मांडीवर थर्माकोलची पेटी. पेटीत पिस्ता आइस्क्रीमचा मोठा डबा, भोवती फोडलेला बर्फ, वर लाकडाचा भुसा, त्यावर जुन्या फडक्याचं ओलं धुडकं आणि सगळ्यांच्या वर माझे दोन्ही हात. नव्वदचं दशक संपत आलं होतं, पण आमच्या जुन्या गाडीत गारवा म्हणजे उघडी काच, आणि तिच्यातून येणारी हवा थेट भट्टीतली.

हा सगळा खटाटोप वंदनासाठी. वंदना माझी धाकटी जाऊ. येवल्याच्या घरी असते. तेव्हा तिला सातवा महिना चालू होता. तिला आई नाही. डोहाळे कसे, माहेरच्यांनी विचारायचे आणि पुरवायचे. हिला विचारणार कोण? मी फोनवर विचारायचे, तर "काही नको, ताई" एवढंच. आदल्या दिवशी मात्र हळूच म्हणाली, "नाशिकचं पिस्ता आइस्क्रीम खावंसं वाटतंय. पण राहू द्या, एवढ्या उन्हात कुठं टिकतंय!" पोरीनं पहिल्यांदाच तोंड उघडून काही मागितलं होतं. ते टिकवून न्यायचंच, असा मी विडा उचलला.

निफाडपर्यंत आमचा थाट काय वर्णावा! थोडं पुढे गेलं की हे विचारायचे, "आहे का गार?" मी झाकण उघडायचे, भुशात हात खुपसायचे आणि "आहे!" म्हणून ओरडायचे. उघडून बघण्यानंच गारवा पळतो, हे दोघांनाही कळत होतं. पण राहवेल तर शपथ!

विंचूरच्या अलीकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. गाडी जागच्या जागी ठप्प. पेटीच्या कोपऱ्यातून पाणी गळू लागलं. मांडीला छान गार वाटत होतं आणि काळजात धस्स होत होतं. एक ट्रॅक्टरवाला खिडकीशी वाकला.

"काय हाय पेटीत? पोलिओचं औषध का?"

"पोटुशी बाई वाट बघतेय हो," हे म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"ए, सरका रे बाजूला! दवाखान्याची गाडी हाय!"

बघता बघता ट्रॅक्टर कडेला झाले. आम्ही डॉक्टरांसारखे गंभीर चेहरे करून पुढे गेलो आणि वळण ओलांडल्यावर इतके हसलो, की ह्यांना गाडी थांबवावी लागली.

पण पेटीतल्या बर्फाचं निम्म्याहून जास्त पाणी झालं होतं. तेवढ्यात ह्यांना आपल्या विंचूरच्या आत्या आठवल्या. आत्याबाई एकट्या राहायच्या आणि त्यांच्याकडे फ्रीज होता. "बर्फ मागून घेऊ, दोन मिनिटांचं काम," हे म्हणाले. तेवढ्या वेळात डबा फ्रीजरमध्ये ठेवावा म्हणून मी तो पेटीतून काढून हातात घेतला आणि उंबरा ओलांडला. तिथंच घात झाला.

"अगं बाई! रिकाम्या हातानं आली असती तरी चाललं असतं!" आत्याबाईंनी डबा माझ्या हातातून कधी घेतला, कळलंच नाही. "नाशकाहून माझ्यासाठी आइस्क्रीम! एवढं कोणी केलं नाय बाई आजवर."

आता 'तुमच्यासाठी नाही' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी छताकडे. आत्याबाईंनी शेजारणींना हाका मारल्या. वाट्या निघाल्या, पेले निघाले. "माझ्या भाचेसुनेनं आणलंय," असं प्रत्येकीला सांगून वाढणं चाललं होतं. शेवटी माझ्याही हातात वाटी आली आणि मला हसता हसता रडूच कोसळलं.

"काय झालं गं?"

मग वंदनाची इच्छा, पेटी, ट्रॅक्टर, सगळं सांगून टाकलं.

आत्याबाईंनी माझ्या हातातली वाटी हिसकावली. "खाऊ नको! ए, तूबी थांब!" शेजारणीचा चमचा तोंडाशीच थांबला. माझी वाटी, तिचा पेला आणि डब्याच्या तळाचं खरवडून काढलेलं, सगळं रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये गेलं. थर्मास पेटीत, भोवती फ्रीजरमधला होता नव्हता तेवढा बर्फ. मग आत्याबाईंनी पिशवीत चार पातळं कोंबली आणि घराला कुलूप घातलं.

"आत्याबाई, तुम्ही कुठं?"

"तुमचा काय भरवसा? वाटंत परत उघडून बघाल. पेटी मी धरते."

येवल्यापर्यंत झाकणाला हात लावायची आमची छाती झाली नाही. थर्मास उघडला तेव्हा आत हिरवट, घट्ट दूध होतं. "पातळ झालं, पण लय गार हाय. बस इथं," असं म्हणत आत्याबाईंनी वंदनाला जवळ बसवलं आणि चमच्यानं भरवायला सुरुवात केली. दोन चमचे झाल्यावर विचारलं, "आणखी काय खावंसं वाटतं, पोरी?" वंदनानं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मागतच सुटली: कैरीचा तक्कू, ज्वारीची आंबील, लसणाची चटणी. आत्याबाई प्रत्येकाला "करू की" म्हणत होत्या. मी आणि हे दारात उभे राहून वेड्यासारखे हसत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच नाशिकला परत निघालो. विंचूरला ह्यांनी आपणहून गाडी हळू केली. आत्याबाईंच्या दाराला कुलूप होतं. वंदनाचं बाळंतपण उरकल्याशिवाय ते निघायचं नाही, असं त्यांनी निघताना आम्हाला बजावलं होतं. कुणाच्या दाराचं कुलूप बघून एवढा आनंद झाल्याचं मला तरी आठवत नाही.