दौंडच्या यार्डातून पायी

पुण्याहून शिरूरची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर कपड्यांची पिशवी होती आणि पिशवीवर रुंद कागदाची एक गुंडाळी. आमच्या मुंबईच्या संस्थेतल्या संगणकाने छापलेला तो कागद. खोलीभर पसरलेल्या त्या यंत्राने माझ्या दोन वर्षांच्या कामाचे उत्तर त्यावर दिले होते. ते चुरगळू नये म्हणून कोरेगाव भीमाच्या पुलापर्यंत मी हातसुद्धा हलवला नाही.

शिरूरला मी वाढलो, तिथल्याच शाळेत शिकलो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वडील गेल्यापासून आई कांद्याच्या वखारीत निवडायला जाते. दिवसभर उकिडवे बसून लहानमोठा कांदा वेगळा करायचा. मी पोचलो तेव्हा ती नुकतीच परतली होती आणि दाराला धरून हळूहळू कंबर सरळ करत होती.

"औंदा (यंदा) नोकरी नक्की ना रं, नामा?"

"सोमवारी सरांना हा कागद दाखवला की प्रबंध पुरा. मग नोकरीच."

"मग उठले बाई मी कांद्यावरनं," असे म्हणून ती हसली. रात्री बाजरीची भाकरी आणि शेंगांची चटणी झाली. सकाळी तिने मामांसाठी गुळाच्या दशम्या बांधून दिल्या, कारण मुंबईला परतण्याआधी मला दौंडला त्यांच्याकडे जायचे होते.

दौंडच्या गाडीत शेजारी एक आबा बसले होते. त्यांनी गुंडाळीकडे बोट केले.

"नकाशा हाय का जमिनीचा?"

"नाही आबा. मी यंत्राला काम शिकवतो, त्याचा कागद आहे."

"आन् यंत्र शिकतं?"

"सांगू तेवढंच."

"मग आमच्या नातवापरीस बरं की! त्यो सांगितलेलंबी शिकत न्हाई." गाडीत हशा पिकला.

दौंड दुरूनच कळते. आधी धूर दिसतो, मग शिट्ट्या ऐकू येतात. शाळेच्या सुट्ट्या मी इथेच शिवामामांकडे काढल्या. रुळांवरच्या पुलावर बसून जाणाऱ्या वाघिणींचे (मालगाडीच्या डब्यांचे) नंबर वहीत उतरवायचो. तो छंद अजून सुटलेला नाही. दुसरा छंद हुतुतूचा, पण त्यात माझा दम पुरत नाही. माझ्या संशोधनाचा विषयही त्या पुलावरच सापडला. मालगाडीत सोलापूरचे, मनमाडचे, पुण्याचे डबे मिसळून येतात. इंजिन पुढेमागे करून ते वेगळे लावायचे. कमीत कमी किती खेपांत हे होईल, ते माझा संगणक सांगतो.

शिवामामा आईचे थोरले भाऊ. यार्डात डब्यांच्या साखळ्या (कप्लिंग) जोडायचे आणि सोडायचे काम करतात. कडुनिंबाखाली चहा घेताना मी कागद उलगडला. तिथे नेहमी येणाऱ्या एका गाडीच्या डब्यांची क्रमवार यादी मी पूर्वीच पत्राने मागवली होती; तशीच गाडी आज समोर उभी होती.

"मामा, या गाडीला तुम्हाला नऊ खेपा लागतात. यंत्र सातात लावतं."

मामांचे सोबती रामभाऊ म्हणाले, "शिवा, भाचा तुला घरी बसवाया आलाय बघ!"

"बसवू दे की. पोरगं माझंच हाय." मामा उठले. "चल, तुझ्या कागदापरमानं चालून बघू. डबं न्हाई हलवायचं, नुस्तं चालायचं."

पहिली साखळी इंजिनाजवळची होती. दुसरी पार शेपटाकडची, म्हणजे तीस डबे चालत जायचे. तिसरी पुन्हा इंजिनापाशी. वैशाखातली खडी तापलेली, पाऊल टाकले की सरकायची. चौथ्या खेपेला माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पाचव्याला मामांनी डब्याच्या दांड्याला धरले आणि ते उभेच राहिले. दुसऱ्या हाताने ते गुडघा चोळू लागले.

"आजून दोन ऱ्हायलं न्हवं?"

"राहू द्या मामा."

"कागदात इंजान हाय, डबं हायत. पर साखळी सोडनारा कुटं हाय रं?"

मी कागद गुंडाळला. त्यांना विचारले, "मग तुमच्या नऊ खेपांत काय होतं?"

"आमी एका टोकाकडनं सोडत येतो. इंजान दोनदा जादा जातंय. त्याला काय गुडघं हायत?"

बाकावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. मामांनी तारेने माझी चप्पल बांधून दिली आणि म्हणाले, "तरीबी दाखव कागद. सात खोटं थोडंच हाय? पास हो. बहिनीला किती दिस बसवायची तिथं?"

सोमवारी मी सरांना कागद दाखवला आणि यार्डात काय झाले तेही सांगितले. सरांनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "पदवीला सात पुरेसे आहे. चालणारा माणूस हिशेबात धरायचा तर सगळी मांडणी नव्याने करावी लागेल. सहा महिने जातील. तुम्ही ठरवा."

मुंबईतला तो आठवडा फार जड गेला. आजवर मी इतरांच्या कष्टांवर शिकलो, याची जाणीव मला होतीच. पण मामांचे चालणे कमी करायचे तर आईचे बसणे सहा महिने वाढणार होते, आणि हे गणित कुठल्याही यंत्राला घालण्यासारखे नव्हते. मी आईलाच पत्र लिहून सगळे कळवले.

उत्तर शेजारच्या मुलीच्या अक्षरात आले. वर तिने लिहिले होते, 'काकू बोलल्या तसेच लिहिते.' खाली आई होती: 'शिवा माझ्याहून थोरला हाय. त्याचं पाय आदी जात्याल. आदी त्याचं बघ. माझं काय, बसून काम हाय.'

ते शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. दुसऱ्या दिवशी मुदतवाढीचा अर्ज भरला. कारणासाठी त्यात एकच ओळ ठेवलेली होती. मी लिहिले: चालणारा माणूस धरायचा राहिला होता.